आधी अंधार, मग प्रोजेक्टर

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. दुसऱ्या मजल्यावर गच्चीला लागून ११ बाय १६ फुटांची एक खोली आहे. पश्चिमेच्या आखूड भिंतीला ५ बाय ४ ची स्लायडिंग खिडकी, दक्षिणेला गच्चीत उघडणारं दार आणि पूर्वेला जिन्याकडचं दार. तिथं प्रोजेक्टर लावून घरचं थिएटर करायचं आहे. मुलांना पडदा १२० इंची हवा आहे. मिस्त्री म्हणतात, खिडकी विटांनी बुजवा, कटकट मिटेल. इंटीरिअरवाल्यांनी पांढरं पीओपीचं छत आणि कडेनं एलईडी पट्ट्या असं चित्र दाखवलंय. भिंती काळ्या कराव्या लागतात म्हणे, पण सासूबाईंचा त्याला ठाम विरोध आहे. शिवाय उन्हाळ्यात वाळवणाचं सामान त्याच खोलीत असतं, गौरी-गणपतीला पाहुणे तिथंच झोपतात. सासऱ्यांना दिवसा मॅच मोठ्या पडद्यावर बघायची आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळं व्हावं, खर्च दोन लाखांच्या आत. कुठला प्रोजेक्टर घ्यावा आणि खोली अंधारी कशी करावी?

उत्तर:

ताई, प्रोजेक्टर कुठला हे आत्ता ठरवूच नका. तो सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी खोली.

असं का, ते सांगतो. प्रोजेक्टरला काळा रंग टाकता येत नाही. तो फक्त उजेड टाकू शकतो. रात्रीच्या प्रसंगात पडद्यावर जे काळं दिसतं, ती प्रत्यक्षात प्रोजेक्टरनं उजेड न टाकलेली जागा असते, आणि पडदा तर पांढरा. म्हणजे तुमच्या चित्रातला काळा रंग किती काळा, हे ठरवणारं यंत्र छताला टांगलेलं नसतं. तुमची खोली ते ठरवते.

थोडा हिशेब करू. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ साधारण पावणेतीन चौरस मीटर. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरनं टाकलेला एकूण उजेड, लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर पडणारा. सिनेमाच्या मोडवर खरोखर १००० ल्युमेन देणारा चांगला प्रोजेक्टर त्यावर सुमारे ३६० लक्स उजेड पाडतो. साधे पडदे ओढलेल्या खोलीत भर दुपारी ३६ लक्स उजेड सहज शिल्लक असतो. मग पांढऱ्याला मिळाले ३९६ आणि काळ्याला ३६, म्हणजे फरक ११ पट. एवढाच. खोक्यावर कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला हाच फरक, दहा हजारास एक लिहिलेला असो की लाखास एक, तुमच्या घरी ते ११ ला एक. तोच आगंतुक उजेड दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे ३.६ लक्सवर आणला की फरक १०० पटींवर जातो. प्रोजेक्टर तोच, पैसे तेवढेच. महागडा प्रोजेक्टर उजेडाच्या खोलीत लावणाऱ्यापेक्षा मध्यम प्रोजेक्टर नीट अंधाऱ्या खोलीत लावणारा कितीतरी चांगलं चित्र बघतो. म्हणून दोन लाखांतला निदान पाचवा हिस्सा अंधारासाठी बाजूला काढा आणि त्याला हात लावू नका.

आता हा आगंतुक उजेड दोन वाटांनी येतो. एक बाहेरून, खिडकी-दारातून. ही वाट सगळ्यांना दिसते. दुसरी वाट खुद्द पडद्याची. चित्राचा उजेड पडद्यावरून उसळून छतावर, भिंतींवर, फरशीवर जातो आणि तिथून परत पडद्यावर येऊन काळ्या जागा राखाडी करतो. मध्यरात्री, अमावास्येला, सगळं बंद करून बसलात तरी हा उजेड खोलीतच असतो. सिनेमा चालू असताना छताचे कोपरे आणि पंख्याची पाती स्पष्ट दिसत असतील, तर तेवढा उजेड पडद्यावरही परततो आहे असं समजा. बहुतेक लोक खिडकीला जाड पडदे लावून थांबतात आणि नंतर चित्र फिकं का, म्हणून प्रोजेक्टरला दोष देतात.

आधी खिडकी. मिस्त्रींचं ऐकू नका, ती बुजवू नका. गच्चीलगतच्या वरच्या खोलीत हवा खेळायला ती हवी. आगबिग लागली, जिन्यात धूर भरला, तर माणसाला हवेसाठी आणि हाक मारण्यासाठी खिडकी लागते. आणि आपल्याकडचा पाऊस येतो तो नैर्ऋत्येकडून. पश्चिमेच्या भिंतीवर तो सरळ आपटतो. जुन्या भिंतीत नवं वीटकाम घातलं की जुन्या-नव्याच्या सांध्यातून ओल शिरते, आणि ती शिरणार नेमकी तुमच्या पडद्यामागे, जिथं महिनोन्‌महिने कुणाचं लक्ष जात नाही. शिवाय ही खोली उद्या मुलाच्या अभ्यासाची होईल, परवा कुणाच्या बाळंतपणाची. खिडकी पाहिजे तेव्हा घट्ट बंद होईल आणि नको तेव्हा पूर्ण उघडेल, अशी सोय करायची.

पडदा त्याच पश्चिमेच्या भिंतीवर घ्या, खिडकीच्या पुढे. हे उलटं वाटेल. पण पडदा समोर पूर्वेला लावलात तर खिडकीतून निसटलेली प्रत्येक तिरीप सरळ चित्रावर पडेल, आणि पश्चिमेचं ऊन तर संध्याकाळी आडवं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. पडदा खिडकीपुढे असला की गळती त्याच्या पाठीवर पडते. त्यासाठी दोन अटी: पडद्याची पाठ काळी हवी, आणि तो गुंडाळून वर जाणारा हवा. गुंडाळणाऱ्यातही दोन्ही कडांना दोऱ्यांचा ताण असलेला घ्या. साधा गुंडाळता पडदा एसीच्या वाऱ्यानं हलतो आणि वर्षा-दोन वर्षांत त्याला लाटा पडतात. सिनेमातला कॅमेरा आडवा सरकला की त्या लाटा चित्रात दिसायला लागतात. पडदा वर गेला की खिडकी मोकळी आणि खोली पुन्हा पाहुण्यांची.

खिडकीसाठी मी दोन थर सुचवेन. पहिला थर चौकटीच्या आत घट्ट बसणारा, काढता-घालता येणारा फळीसारखा. १० मिलिमीटरचा सनबोर्ड (फोमची हलकी, ताठ पाटी) खिडकीच्या मापानं दोन तुकड्यांत कापून घ्या, कडांना काळी फोमची पट्टी लावा, धरायला कापडी पट्टा लावा. काचेकडची बाजू पांढरीच ठेवा आणि काचेपासून दीड-दोन इंच अंतर सोडा. काचेला चिकटून काळं काही लावलं की पश्चिमेच्या उन्हात मधली उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते. रंगीत किंवा आरशासारखी काच असेल तर धोका जास्त. काचेवर काळा कागद चिकटवण्याचा सल्ला कुणी दिला, तर याच कारणासाठी नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला बारीक भोकं असतात, त्यातून थोडा उजेडही येतो. ती सिलिकॉननं बुजवायचा मोह होईल. बुजवू नका. ट्रॅकमध्ये साचलेलं पावसाचं पाणी त्याच भोकांतून बाहेर जातं. ती बंद केली तर आषाढातल्या पहिल्याच झडीला पाणी खोलीत उतरेल. तिथला उजेड आतली फळी अडवेल.

दुसरा थर कापडी पडद्याचा. दुकानात ब्लॅकआउट म्हणून जे दाखवतात त्यातलं बरंचसं निम्मंशिम्मंच असतं. कापड घ्यायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून कापडावर घट्ट टेकवा आणि पलीकडून बघा. ठिणग्यांसारखे ठिपके दिसले किंवा कापड उजळलं तर ते खाली ठेवा. मागून कोटिंग केलेलं कापड यात पास होतं. रोलर ब्लाइंडचा मोह मात्र आवरा. त्याचं कापड अपारदर्शक असलं तरी दोन्ही बाजूंना बोटभर फट राहते, आणि अंधाऱ्या खोलीत बोटभर फट म्हणजे ट्यूबलाइट. कापडी पडदा चौकटीबाहेर दोन्हीकडे आठ-आठ इंच जाऊ द्या, खाली फरशीपर्यंत सोडा, रुंदी रॉडच्या दुप्पट धरा म्हणजे चुण्या पडतील. वरून उजेड छतावर सांडतो, म्हणून पेलमेट, म्हणजे रॉड झाकणारी पेटी हवी, आणि त्याला वरून झाकण हवं. नुसती पुढची फळी पुरत नाही. कडा भिंतीला वेल्क्रोनं धरून ठेवा.

गच्चीकडच्या दाराला आणि जिन्याकडच्या दाराला खाली ब्रशची किंवा रबराची पट्टी, चौकटीला आतून रबरी गॅस्केट. जिन्याकडचं दार तुमच्या पाठीमागे येतं, म्हणजे ते उघडलं की जिन्यातला दिवा थेट पडद्यावर. त्या दाराच्या आत एक जाड पडदा टाका. कुणी पाणी आणायला उठलं तर आधी पडदा, मग दार.

हे सगळं झालं की एखाद्या उघडिपीच्या दिवशी दुपारी चार-साडेचारला, ऊन खिडकीवर आलेलं असताना, सगळं बंद करून आत बसा. लगेच काही दिसणार नाही. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं तरी लागतात, पुरती सवय व्हायला अर्धा तास. मग फटी एकेक करून बोलायला लागतात: एसीच्या पाइपचं भोक, व्हेंटिलेटर, दाराचं कुलूप, जुन्या केबलचं छिद्र. प्रत्येकीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून खूण करा आणि दिवा लावून मग त्या बंद करा. स्टॅबिलायझर, राउटर, सेटटॉप बॉक्स यांचे निळे-लाल ठिपकेही यातच घ्या. काळ्या टेपचा एक थर बास.

आता दुसरी वाट, पडद्याच्या स्वतःच्या उजेडाची. पांढरा रंग अंगावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांहून जास्त परत फेकतो. काळा मॅट रंग पाचेक टक्के. काळी मखमल एखादा टक्का, चांगली असेल तर त्याहून कमी. सगळ्या खोलीला हे गणित सारखं लागू होत नाही, आणि इथंच तुमच्या सासूबाईंचं आणि चित्राचं दोघांचंही समाधान होण्यासारखं आहे. पडद्याच्या सगळ्यात जवळचे पृष्ठभाग सगळ्यात जास्त नुकसान करतात: पडद्यामागची भिंत, पडद्यापुढचं पाच-सहा फूट छत, तेवढीच दोन्ही बाजूंची भिंत आणि पुढची फरशी. मागच्या दहा फुटांचा वाटा खूप कमी.

यातलं छत पहिलं. ते कशानं झाकता येत नाही आणि पडद्याच्या सगळ्यात जवळ असतं. इंटीरिअरवाल्यांचं पांढरं पीओपी आणि कडेच्या एलईडी पट्ट्या दोन्ही रद्द करा, हे मी अगदी ठामपणे सांगतो. ज्या जागेला सगळ्यात जास्त काळोख हवा तिथं आरसा बसवण्याचा हा प्रकार आहे. पीओपीत सहा-आठ इंच उंची जाते ती वेगळीच. आहे त्या स्लॅबला पुढचे सहा फूट गडद कोळशी मॅट रंग द्या आणि मागे मध्यम राखाडी. रंगाच्या डब्यावर मॅट लिहिलेलं हवं. सॅटिन, सिल्क, धुता येणारा चमकदार असले प्रकार नकोत. चमकणारा काळा रंग चित्राचं प्रतिबिंब दाखवतो.

बाजूच्या भिंती काळ्या रंगवायची गरज नाही. नाटकाच्या रंगमंचावर दोन्ही बाजूंना काळ्या विंगा असतात ना, तशा करा. छताला दोन सरळ ट्रॅक, चित्राच्या पडद्यापासून मागे सहा फुटांपर्यंत, आणि त्यावर काळ्या मखमलीचे पडदे. सिनेमाच्या वेळी ओढायचे, एरवी कोपऱ्यात सारून बांधायचे. मागची भिंत तुमच्या आवडीच्या रंगात राहील. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता ज्यांनी इथं सिनेमा उभा केला त्या बाबुराव पेंटरांच्या या गावात असे पडदे मापात शिवून देणारे हात शोधायला लांब जावं लागणार नाही. नाटकवाल्यांना आणि मंडप-डेकोरेशनवाल्यांना विचारा. कापड गांधीनगरच्या घाऊक बाजारात बघा. तिथं फक्त झळाळणारी मखमल टाळा. हात उलटा फिरवल्यावर चमक मारणारी मखमल आपल्याला नको. लव दाट आणि मंद असलेली हवी.

सासूबाईंशी बोलताना काळा रंग हा शब्द मध्ये आणायचीच गरज पडणार नाही, असा हा आराखडा आहे. आणि त्यांचं म्हणणं नुसतं शकुन-अपशकुनाचं समजू नका. ज्या खोलीत पाहुणे झोपतात, जिथं भरउन्हात पापड-सांडग्यांचे डबे ठेवायला माणसं ये-जा करतात, ती खोली कायमची अंधारी झाली तर घरातली एक खोली खरोखर कमी होते. त्यांचा विरोध घराच्या हिताचाच आहे. त्यांना ट्रॅकवरचे पडदे आणि निघणारी फळी प्रत्यक्ष उघडून दाखवा. मागच्या दहा फुटांच्या भिंतींचा रंग त्यांनाच निवडू द्या. मातकट, तपकिरी, गडद हिरवा काहीही चालेल, फक्त पांढरा आणि पिवळट नको, आणि मॅट हवा. पुढच्या भागात मात्र राखाडी आणि काळ्याशिवाय दुसरा रंग नको. लाल-मरून भिंत पडद्यावर लालसर छटा परतवते आणि माणसांचे चेहरे तापलेले दिसतात.

फरशी व्हिट्रिफाइड असेल, तर ती आडवा टाकलेला आरसाच. पडद्यापुढे धनगरी काळी घोंगडी अंथरा. जाड लोकर, रंग मुळातच काळा, चमक शून्य. आवाजही शोषते. कसर लागू नये म्हणून अधूनमधून ऊन दाखवायचं, गच्ची शेजारीच आहे.

पडद्याच्या मापाबद्दल मुलांना समजवावं लागेल. १२० इंची पडदा साधारण पावणेनऊ फूट रुंद. तुमची भिंत ११ फूट. दोन्हीकडे जेमतेम एक-सव्वा फूट उरतो, त्यात स्पीकर आणि मखमल दोन्ही बसत नाहीत. आणि पडदा १०० वरून १२० इंचांवर नेला की तोच उजेड जवळजवळ दीडपट जागेवर पसरतो. ३६० लक्सचे २५० होतात. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद येतो, दोन्हीकडे पावणेदोन-दोन फूट सुटतात. त्यापासून साडेदहा फुटांवर सोफा ठेवला की चित्र डोळ्यांपुढे ३८ अंशांत मावतं. चांगल्या थिएटरात मधल्या-मागच्या रांगेत बसल्यावर साधारण असंच दिसतं. पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे बसल्यावर नजर पडद्याच्या खालच्या तिसऱ्या भागात येते आणि मान वर करावी लागत नाही.

त्या साडेदहा फुटांचा आवाजालाही फायदा आहे. खोलीच्या बरोब्बर मध्ये, म्हणजे तुमच्याकडे आठ फुटांवर, ३५ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज जवळजवळ नाहीसा होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलं की तोच अंगावर येतो. दोन तृतीयांश अंतरावर तो बऱ्यापैकी समतोल असतो. आवाजाचं बाकीचं पुन्हा कधीतरी लिहीन. आत्ता एवढंच, की भिंतींना अंड्यांचे ट्रे किंवा थर्माकोल चिकटवू नका. त्यानं शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबत नाही, आणि ठिणगी पडली तर भडका उडतो. उजेडाच्या फटी तुम्ही बुजवल्यात त्यानं आवाजाची गळतीही कमी होईल, कारण जिथून उजेड जातो तिथून आवाजही जातो.

तुमचं पत्र श्रावणात आलं हे फार बरं झालं. पश्चिमेची भिंत आत्ताच तपासा. पोपडे, पांढरी बुरशी, मिठासारखा फुलोरा, कोपऱ्यात कुबट वास, काहीही असेल तर आधी बाहेरून वॉटरप्रूफिंग, स्लॅबवरचं पाणी कुठं साचतं ते बघणं, आणि मगच रंग. ओल्या भिंतीवर गडद मॅट रंग दिला की डाग दुप्पट उठून दिसतात. मखमल भिंतीपासून तीन-चार इंच सुटी ठेवा, गुंडाळत्या पडद्याची पेटीही भिंतीला चिकटवू नका. पावसाळ्यात रोज दिवसा सगळे पडदे सारून खिडकी किलकिली ठेवायची, झड नसेल तेव्हा. आणि आठवड्यातून एकदा तरी एसी ड्राय मोडवर चालवायचा. बंद, दमट आणि अंधारी खोली बुरशीला सगळ्यात प्रिय.

हवेचा मुद्दा लोक विसरतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आहे तीच थंड करतो. सगळ्या फटी बुजवून सहा माणसं अडीच तास बसली की डोकी जड होतात आणि दोष सिनेमावर जातो. एका भिंतीत वर सहा इंची एक्झॉस्ट फॅन बसवा आणि त्याच्या आतल्या तोंडाला प्लायची पेटी करा, जिच्यात हवा दोनदा वळून जाते. पेटी आतून काळी मॅट रंगवा. हवा वळते, उजेडाला वळता येत नाही. फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये हीच युक्ती असायची. फॅन हवा बाहेर फेकतो तेवढीच ताजी हवा आत यायलाही वाट लागते, तेव्हा जिन्याकडच्या दाराच्या वर तशीच दुसरी पेटी द्या. आणि स्लॅबवर उष्णता परतवणारा पांढरा लेप द्या. एप्रिल-मेमध्ये गच्चीलगतची खोली तापते, त्यात प्रोजेक्टरही दोन-तीनशे वॅट उष्णता सोडतो.

अंधारात सुरक्षितपणाही पाहा. सासू-सासरे वर येणार, तेव्हा उंबऱ्याला आणि पायरीला रेडियमची पट्टी, दाराजवळ पायाच्या उंचीला एक पिवळसर मंद दिवा, आणि सोफ्याच्या मागच्या बाजूला मंद होणारे दोन दिवे. पडद्याकडे तोंड केलेला एकही दिवा नको. इन्व्हर्टरवर एक दिवा असा ठेवा, जो लाइट गेली की आपोआप लागेल. जिन्याकडच्या दाराला बाहेरून कडी नको. एक छोटं अग्निशामक दारापाशी ठेवा. वायरिंग रंगाच्या आधी संपवा: एसीची लाइन वेगळी, प्रोजेक्टर-स्पीकरची वेगळी, अर्थिंग तपासलेलं. प्रोजेक्टरच्या जागेपासून पडद्याखालच्या कपाटापर्यंत दोन इंची रिकामा पाइप भिंतीतून टाका, म्हणजे उद्या केबल बदलायची तर भिंत फोडावी लागणार नाही.

सासऱ्यांच्या मॅचसाठी मात्र प्रोजेक्टरचा हट्ट धरू नका. दिवसा, उजेडात, चहा घेत, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत मॅच बघायची तर टीव्हीच हवा, कारण टीव्हीचा काळा रंग खोलीच्या उजेडानं फारसा मरत नाही. खालच्या हॉलमधला टीव्ही लहान असेल आणि बजेटमधून काही उरलं, तर तो मोठा करा. त्यांना रोज दोन जिने चढायला लावण्यापेक्षा ते बरं. फायनल असेल त्या दिवशी सगळे वर जा, पडदे ओढा.

आता दिवाळीचं. श्रावणात ओल तपासणं आणि वायरिंग. गौरी-गणपतीत खोली पाहुण्यांना द्या, त्या काळात काम काढू नका. पाऊस ओसरला आणि भिंत खडखडीत सुकली की छताचा रंग, मग ट्रॅक, मखमल, फळी, दारांच्या पट्ट्या. भिंत सुकली नसेल तर दिवाळीला पडदा आणि मखमल लावा, रंग नाताळात द्या. ओल्या भिंतीवर घाई नको.

प्रोजेक्टर शेवटी घेताना जाहिरातीतला ल्युमेनचा आकडा सोडून द्या. एएनएसआय किंवा आयएसओ ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या प्रमाण पद्धतीनं मोजलेले ल्युमेन किती, हेच विचारा. नऊ-दहा हजार ल्युमेन असं नुसतं छापलेल्या स्वस्त यंत्रांवर हे आकडे बहुधा नसतातच. दुसरं, किती फुटांवरून सव्वासात फूट रुंद चित्र पाडतो ते विचारा. तुमच्या छताला जागा पडद्यापासून दहा-साडेदहा फुटांवर आहे, म्हणजे थ्रो रेशोच्या (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) कक्षेत १.४ बसला पाहिजे. एलईडी किंवा लेझरचा नव्हे, तर तापणाऱ्या दिव्याचा प्रोजेक्टर घेतलात तर छोटा यूपीएस लागेल. लाइट गेली की आतला पंखा एकदम थांबतो आणि तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं.

चार वाजताची अंधाराची परीक्षा झाली की मला तीन गोष्टी कळवा: किती फटी उरल्या, छताची नेमकी उंची, आणि हातात उरलेली रक्कम. त्यावर मॉडेलबद्दल बोलता येईल.